तो ठिपका माशीचा नव्हता

माझ्या एका लेखात खोटं आहे. लेख चौदा पानांचा आहे आणि खोटं एका तळटिपेत आहे. हस्तलिखितातल्या दोन शब्दांचं हे वाचन मूळ प्रत पाहताना प्रस्तुत लेखकाला सुचलं, असं त्या तळटिपेत म्हटलं आहे. प्रस्तुत लेखक म्हणजे मी. ते वाचन मला सुचलेलं नव्हतं. ते माझ्या विद्यार्थ्याला सुचलं होतं. त्यावरून मी त्याचं चारचौघांत हसं केलं, आणि नंतर त्याची पीएचडी थांबवणाऱ्या फॉर्मवर सही केली. सही करताना तो बरोबर आहे हे मला ठाऊक होतं.

एवढं लिहून थांबता आलं असतं. पण मग ही आणखी एक तळटीपच झाली असती.

मी सिंगापूरच्या एका विद्यापीठात सव्वीस वर्षं मध्ययुगीन इस्लामचा इतिहास शिकवला. आता निवृत्त आहे, बिशानच्या फ्लॅटमध्ये एकटा राहतो. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत नवीन आलेली मुलं विचारतात, "काका, तुम्ही कुठल्या कंपनीत होतात?" मी अरबी शिकवायचो म्हटलं की कुणीतरी मोदकांचा विषय काढतं. त्यांचा दोष नाही. पुण्यातल्या शास्त्र्याच्या मुलाने अरबी का शिकावं, हे माझ्या वडिलांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

वडील धर्मशास्त्र सांगत. सुतक किती दिवस, प्रायश्चित्त काय, दत्तक चालतो का, असं विचारायला लोक येत आणि वडील पोथी काढून उत्तर देत. कीर्तनकारांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. "शास्त्र सांगायला ग्रंथ लागतो, रडवायला नुसता गळा पुरतो," असं ते म्हणत. आळीत कीर्तन असलं की आमच्या घराची खिडकी लावलेली असे. ती लावलेली खिडकी मी पुढे मध्ययुगीन बगदादच्या अभ्यासातही बरोबर नेली, हे मला फार उशिरा कळलं.

मध्ययुगीन इस्लाममध्ये एका बाजूला फकीह, म्हणजे कायद्याचा पंडित. काय करावं, काय करू नये, वारसा कुणाला, साक्ष कुणाची धरायची हे तो सांगे. दुसऱ्या बाजूला वाइज, म्हणजे प्रवचनकार, आणि त्याचा गरीब भाऊ कास. कास हा गोष्टी सांगून लोकांना मृत्यूची आठवण करून देणारा. आपला 'किस्सा' हा शब्द त्याच घराण्यातला. पंडितांच्या ग्रंथांत या कास लोकांबद्दल तक्रारीच तक्रारी आहेत: खोट्या परंपरा सांगतात, बायकांना रडवतात, गर्दी जमवतात. बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने अशा अडाणी प्रवचनकारांना हटकावं, असाही नियम आढळतो. कायद्यासाठी पैगंबरांचं वचन सांगायचं तर ते कुणी कुणाकडून ऐकलं याची साखळी पक्की लागे. भक्तीकडे वळवायला, भीती घालायला थोडी कच्ची साखळीही बऱ्याच पंडितांना चालत असे. यावरून मी एक पुस्तक लिहिलं. कायदा हा मालक आणि प्रवचन हा त्याचा नजरेखाली ठेवलेला नोकर, असं त्याचं सार. दोन्ही कामं करणारी मोठी माणसं होऊन गेली हे मला माहीत होतं. त्यांना मी अपवाद म्हणून एका परिच्छेदात बसवलं होतं. पुस्तकाची वाहवा झाली.

बावीस वर्षांपूर्वी तो आला. कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावचा, मराठी बोलणारा मुसलमान मुलगा. मुंबईत एम.ए. केलेलं, अरबी गावच्या मदरशात आणि नंतर हट्टाने शिकलेली. सिंगापूरमध्ये मराठी बोलणारा मार्गदर्शक मिळाला याचं त्याला फार अप्रूप होतं. माझी बायको त्याला दर गुरुवारी जेवायला बोलवायची. तो तिला काकू म्हणायचा आणि तिच्या आमटीला नावं ठेवायचा. "काकू, यात गूळ घातलाय की गुळात आमटी?" ती त्याच्यावर खूश असे.

जेवण झालं की आम्ही वाचायला बसत असू. माझी एक पद्धत होती. हस्तलिखिताची मायक्रोफिल्म यंत्रावर लावायची, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून अक्षर न् अक्षर तपासायचं. वाचणाऱ्याने अंदाज केला की बोट थांबायचं. बहुतेक वेळा बोट माझं असे.

एका गुरुवारी तो वाचत होता. एका लहान शहरातल्या अप्रसिद्ध माणसाची चार-पाच ओळींची नोंद होती. सुरुवातीलाच दोन शब्द लागोपाठ होते, जवळजवळ सारखे. अरबीत काझी हा शब्द काही ठिकाणी शेवटची ई गमावतो आणि नुसता 'काझ' उरतो. लिहिताना 'काझ' आणि 'कास' यांत फरक एकाच ठिपक्याचा. ठिपका असला तर न्यायाधीश, नसला तर गोष्टी सांगणारा. पहिल्या शब्दावर ठिपका दिसत होता, दुसऱ्यावर नव्हता.

"काझ, कास," त्याने वाचलं, आणि थांबून माझ्याकडे पाहिलं. "सर, हा काझीही होता आणि कासही."

"लेखनिकाने एकच शब्द दोनदा लिहिलाय," मी म्हटलं. "दोन्ही कासच. तो ठिपका म्हणजे डाग आहे."

"पण पुढे बघा ना. सकाळी लोकांत बसायचा, दुपारी लोकांत बसायचा, असं दोनदा म्हटलंय. सकाळी न्यायाला, दुपारी प्रवचनाला."

"किंवा सकाळी प्रवचन आणि दुपारीही प्रवचन. कीर्तनकारांना काय, दोन वेळा बोलवणारे भेटतात."

तो हसला, पण हटला नाही. म्हणाला, "आमच्याकडे एकच माणूस दोन्ही करतो, सर. माझे अब्बा."

त्याचे वडील गावच्या मशिदीत शुक्रवारचं प्रवचन देत. शेताच्या बांधावरून, वाटणीवरून भांडण झालं की लोक त्यांच्याकडेच येत. त्याने सांगितलं की अब्बा शुक्रवारी माणसांना रडवतात आणि शनिवारी सकाळी त्यातल्याच एखाद्याच्या दारात जाऊन विचारतात, काल रडलास, बहिणीचा हिस्सा दिलास का? हे सांगताना त्याचा चेहरा असा उजळला होता की मला उगाचच राग आला. माझ्या वडिलांच्या घरात अशा माणसाला जागा नव्हती.

त्याने त्या दोन शब्दांवर एक पूर्ण प्रकरण उभं केलं. मोठ्या शहरांतल्या पंडितांच्या तक्रारी वाचून आपण कायदा आणि प्रवचन यांना वैरी समजतो. लहान गावांत ती एकाच माणसाची दोन कामं होती, असं त्याचं म्हणणं. हा माणूस त्याचा मुख्य साक्षीदार. विभागाच्या चर्चासत्रात त्याने हे वाचलं तेव्हा वीस-बावीस माणसं होती. तो चांगला बोलला. लोक माना डोलवायला लागले आणि मला माझं पुस्तक त्यांच्या मानांबरोबर हलताना दिसलं.

मी उठून म्हणालो, "या विद्यार्थ्याचा अख्खा प्रबंध एका माशीच्या घाणीवर उभा आहे."

खोली खदखदून हसली. तोही हसला. त्यानंतर त्याने प्रश्नांची उत्तरं दिली, कागद नीट फाईलमध्ये लावले आणि निघून गेला. पुढच्या गुरुवारी तो आला नाही. बायकोने विचारलं तर मी म्हणालो, अभ्यास वाढलाय.

मग त्याच्या प्रगतीच्या आढाव्याची वेळ आली. मार्गदर्शक म्हणून मला एक फॉर्म भरायचा होता: पीएचडी पुढे चालू ठेवावी, की एम.ए.ची पदवी देऊन थांबवावी. फॉर्म टेबलावर ठेवून मी जूनमध्ये तुर्कस्तानला गेलो. मूळ हस्तलिखित तिथल्या एका जुन्या ग्रंथालयात होतं. माझा डाग प्रत्यक्ष पाहून यावा, एवढाच हेतू होता.

ग्रंथपालाने हिरव्या कापडावर पोथी ठेवली. मी पान काढलं. ठिपका शाईचा होता, त्याच शाईचा आणि त्याच बोरूचा. बोरूच्या टोकाने उठतो तसा चौकोनी. आणि दुसऱ्या शब्दाच्या डोक्यावर, लाल शाईत, बारीक दोन अरबी अक्षरं होती: 'साद' आणि 'हे'. लाल शाई काळ्या-पांढऱ्या मायक्रोफिल्मवर उमटली नव्हती. त्या काळचे लेखनिक ही खूण करत. वाचणाऱ्याला चूक वाटेल अशा जागी, शब्द दोनदा आल्यासारखा दिसेल तिथे, ते वर ही दोन अक्षरं लिहीत. अर्थ असा की हे बरोबर आहे, मी पाहून लिहिलं आहे, दुरुस्त करू नका. मराठीतला 'सही' हा शब्द त्याच मुळातून आला आहे.

पंधरा दिवसांनी परत येऊन मी फॉर्मवर सही केली. एम.ए. देऊन थांबवावं.

का केली, याचं उत्तर मी अनेक वर्षं शोधत असल्याचा आव आणला. उत्तर साधं आहे. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार होती. शिवाय वीस माणसांसमोर मी त्याचं हसं केलं होतं, आणि त्या वीस माणसांना पुन्हा गोळा करून 'मी चुकलो' म्हणायची माझी तयारी नव्हती. बस, इतकंच. त्याचा स्टुडंट पास संपला आणि तो परत गेला. निरोप घ्यायला घरी आला तेव्हा मी मुद्दाम बाहेर पडलो होतो.

दोन महिन्यांनी त्याच्या वडिलांचं पत्र आलं. निळं पाकीट, मराठी, शाळामास्तरासारखं वळणदार अक्षर. आपला मुलगा उतावळा आहे, त्याने गुरूशी वाद घातला असेल तर लहान समजून माफ करावं. तुम्ही त्याची चूक वेळेवर दाखवलीत याबद्दल मी तुमचा ऋणी आहे, अशा अर्थाचं. खाली त्यांची सही होती. मी उत्तर दिलं नाही. फाडलंही नाही.

पाच वर्षांनी मी तो लेख लिहिला. तोपर्यंत वारं बदललं होतं. कायदा आणि प्रवचन यांचा संबंध आपण फार ताठर मांडला, असं बरेच जण लिहू लागले होते. मला मागे राहायचं नव्हतं. मी तो लहान शहरातला काझी बाहेर काढला, लाल खुणेचं वर्णन केलं आणि ती तळटीप लिहिली. लेख वाचून एका तरुण अभ्यासकाने मला पत्रात लिहिलं की स्वतःचं मत बदलायला मोठं मन लागतं. ते पत्र मी बायकोला वाचून दाखवलं. दोन वर्षांपूर्वी ती गेली. त्या मुलाला अभ्यास झेपला नाही म्हणून तो परत गेला, असंच काहीसं तिला वाटत होतं, आणि मी ते तसंच राहू दिलं.

मागच्या वर्षी नोव्हेना भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातलेले, समोर सगळं धुरकट. लिफ्टच्या दाराशी अडखळलो तेव्हा कुणीतरी कोपराला धरलं.

"सर, सावकाश. ओळखलंत का?"

आवाजावरून ओळखलं. तो आता पन्नाशीचा. मुंबईत सॉफ्टवेअरमध्ये गेला, कंपनीने इथे पाठवलं, तीन वर्षं झाली. बिशानलाच राहत होता, माझ्यापासून दोन स्टेशनांवरही नाही. मला टॅक्सीत बसवताना त्याने विचारलं, "काकू कशा आहेत?" मी सांगितलं. टॅक्सीचं दार लावायच्या आधी त्याने माझा हात दाबला.

त्या हाताने मला घरी झोपू दिलं नाही म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मी नीट झोपलो, आणि सकाळी उठल्यावर त्याची लाज वाटली. तीन आठवड्यांनी त्याला फोन केला.

बिशानच्या हॉकर सेंटरमध्ये भेटलो. त्याने हलाल स्टॉलवरून दोन चहा आणले. मी सगळं सांगितलं, तुर्कस्तान, लाल खूण, फॉर्म. सांगता सांगता रडायला लागलो. शेजारच्या टेबलावरची चिनी आजी माझ्याकडे बघत राहिली. त्याने मला रडू दिलं, थांबवलं नाही आणि समजूतही घातली नाही. मी नाक पुसल्यावर म्हणाला, "सर, लेख मी वाचला होता."

"कधी?"

"आला तेव्हाच. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. तळटिपा तीनदा वर-खाली केल्या. वाटलं, बारीक अक्षरात माझं नाव असेल कुठेतरी. मग जेवायला गेलो. त्या दिवशी कॅन्टीनला पावभाजी होती."

"तू लिहिलं का नाहीस मला? संपादकाला?"

"कुणाच्या साखळीवर? सांगणारा मी, आणि मला कच्चा ठरवून तुम्हीच सही केलेली." तो थोडा हसला. "त्याआधी, अब्बा होते तोवर, तुमच्याविरुद्ध बोलणं तर शक्यच नव्हतं. मी परत गेलो तेव्हा त्यांनी एकच विचारलं, सर काय म्हणाले? मी सांगितलं. म्हणाले, एवढा मोठा माणूस उगाच बोलणार नाही, तू त्यांची माफी माग. मी म्हटलं, ठिपका खरा आहे. म्हणाले, वाद घालू नकोस. कुणी मसला, काही अडलेला प्रश्न घेऊन त्यांच्याकडे आलं की आधी ते मला किताब काढायला सांगायचे. वाचून दाखव म्हणायचे. परत आल्यावर कधी सांगितलं नाही. शेजारच्या गावच्या मौलवींना बोलवायला लागले."

"आणि?"

"आणि काय. दुसऱ्या वर्षी गेले."

मी खिशातून निळं पाकीट काढून त्याच्यासमोर ठेवलं. त्याने अक्षर ओळखलं. लगेच उघडलं नाही. चहाच्या ओल्या वर्तुळापासून जरा लांब सरकवलं, हात रुमालाला पुसले आणि मग वाचलं. वाचून झाल्यावर घडी होती तशीच घालून वरच्या खिशात ठेवलं.

"मला माफ कर," मी म्हटलं.

"सर, तुम्ही दुपारचं आधी केलंत," तो म्हणाला. "सकाळचं राहिलंय."

मला कळलं. दुपारचं म्हणजे प्रवचन, सकाळचं म्हणजे न्याय. हे सगळं मीच वर्गात शिकवत असे. प्रवचनकार सांगतो, रडा, अल्ला दयाळू आहे, त्याच्याविरुद्धचे गुन्हे तो माफ करतो. फकीह सांगतो, माणसाचा हक्क मारला असेल तर तो आधी त्या माणसाला परत करा. तिथे नुसत्या अश्रूंनी भागत नाही. या दोन वाक्यांना मी आयुष्यभर दोन वेगळ्या माणसांची वाक्यं समजत आलो होतो.

ईस्ट कोस्टला राहणारी माझी नात रविवारी येते. संपादकाला लिहायचं पत्र मी तिला टाइप करायला सांगितलं, कारण अक्षरं आता मला फुटतात. दुसऱ्या परिच्छेदाशी ती थांबली आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली,

"आजोबा, यू स्टोल हिज थिंग, आह?"

"हो."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "देन डोंट राइट सो लाँग लाह. जस्ट से इट."

मी दीड पानाच्या सात ओळी केल्या. दुरुस्ती पुढच्या अंकात छापून आली, त्याच्या पूर्ण नावासह. इथे मी त्याचं नाव घातलेलं नाही. त्यानेच सांगितलं, "तिथे ते माझं आहे, सर. इथे ती तुमची गोष्ट आहे."

अंक मिळाल्यावर तो घरी आला. दुरुस्ती वाचली, फोटो काढला. मला वाटलं, आता तो माफ केलं म्हणेल. तो म्हणाला, "माझा हिशेब तुमच्याशी मिटला. पण अब्बांच्या वतीने मिटला म्हणायचा हक्क मला आहे का, मला माहीत नाही. हा मसला कठीण आहे. मी विचारलं असतं, पण ज्यांना विचारायचं तेच नाहीत." मग म्हणाला, "अम्मी आहे. तिला तुम्ही सांगाल?"

त्याने फोन लावला आणि टेबलावर मधोमध ठेवला. पलीकडे कोंबड्यांचा आवाज होता.

"अम्मी, माझे सर बोलतायत. सिंगापूरचे."

"कोन? मोठ्यानं बोला, ऐकू येत नाय."

मी मोठ्याने बोललो. शास्त्र नाही, हस्तलिखित नाही, लाल शाई नाही. इतकंच म्हणालो की तुमचा मुलगा तेव्हा बरोबर होता, मी चुकीचा होतो, आणि तो बरोबर आहे हे कळूनही मी ते लपवलं. हे ओरडून सांगावं लागलं. पहिल्यांदा तिला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा ओरडून सांगावं लागलं.

तिने कोंबड्यांना हाकललेलं ऐकू आलं.

"तो बरोबर हाय ते मला ठावं होतं," ती म्हणाली. "पोरगा खोटं बोलतो तेव्हा मला कळतं. ह्यांना नाय कळलं. हे तुमच्यावर इस्वास ठेवून गेले."

मग तिने मुलाला विचारलं, जेवलास का. तो फोन उचलून खिडकीशी गेला आणि हळू आवाजात तिच्याशी बोलत राहिला. मी टेबलापाशी बसून होतो.